पाकीट फोडल्यावर वस्तू जुळली नाही तर : सीमाभागातील ग्राहकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गेल्या पावसाळ्यात पुतणीच्या लॅपटॉपसाठी आम्ही बेळगावातील एका दुकानातून ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी पट्टी, घेतली. लॅपटॉपच्या तळावर चिकटवलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो दुकानदाराला दाखवला होता, ह्याला हीच चालते का असे विचारलेही होते, आणि डोळे झाकून घ्या असे उत्तर मिळाले होते. घरी मागचे झाकण उघडले, बारीक स्क्रू काढला, एसएसडी खाचेत अगदी नीट बसली. पण लॅपटॉप सुरू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपचे भाग ओळखणाऱ्या मूळ प्रणालीत, तिचा पत्ताच लागेना. दोन तासांच्या खटपटीनंतर उलगडा झाला की त्या लॅपटॉपची एम.२ नावाची खाच केवळ साटा पद्धतीच्या एसएसडीसाठी आहे आणि आमच्या हाती पडलेली एनव्हीएमई पद्धतीची आहे; माहितीची देवाणघेवाण करण्याच्या ह्या दोन वेगळ्या पद्धती. दोन्हींची रुंदी तीच, लांबी तीच, स्क्रूची जागाही तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच गेलो, तेव्हा दुकानदाराने पाकिटाची फाटलेली कड बोटाने दाखवली आणि म्हणाला, ‘‘पाकीट फोडलासा की वो, आता कंपनी घेत नाही बघा.’’

एसएसडी नादुरुस्त नव्हती. ती दुसऱ्या लॅपटॉपमध्ये उत्तम चालली असती. म्हणूनच हा प्रश्न बंद पडलेल्या मिक्सरपेक्षा किंवा चिरलेल्या स्क्रीनपेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच बहुतेक ग्राहक ह्या टप्प्यावर हार मानून वस्तू कपाटात टाकून देतात. हार मानण्याचे कारण नाही. मात्र आपला हक्क नेमका कशावर उभा आहे हे ठाऊक असल्याशिवाय दुकानात जाऊन आवाज चढवण्यात अर्थ नाही.

आधी हक्काची मर्यादा समजून घ्यावी

भारतात ‘मन बदलले म्हणून वस्तू परत’ असा सर्वसाधारण कायदेशीर हक्क ग्राहकाला नाही. दुकानात किंवा ऑनलाइन, सात दिवसांत किंवा दहा दिवसांत परत घेण्याची जी सवलत दिली जाते ती विक्रेत्याने आपणहून दिलेली असते. तिचे स्वरूप, मुदत आणि अपवाद तोच ठरवतो. तेव्हा आपण कोणालाही न विचारता, आपल्या अंदाजाने एखादा भाग विकत घेतला, त्याच्या खोक्यावरील माहिती खरी होती, आणि तरीही तो आपल्या यंत्राला जुळला नाही, तर कायदा आपल्या बाजूने फारसा उभा राहत नाही. अशा वेळी सौजन्याने विनंती करावी, बदली वस्तू किंवा थोडी वजावट मान्य करावी आणि विषय मिटवावा. हे मी मुद्दाम आरंभीच लिहितो आहे, कारण खोट्या आशेवर ग्राहक तक्रार निवारण आयोगापर्यंत गेलेल्या माणसाचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

परंतु पुढील तीनपैकी एक गोष्ट घडली असेल तर चित्र पूर्ण पालटते. एक, आपण कोणत्या यंत्रासाठी वस्तू हवी हे विक्रेत्याला सांगितले आणि त्याने ती चालेल असे सांगून विकली. दोन, खोक्यावर, जाहिरातीत किंवा ऑनलाइन वर्णनात ती अमुक मॉडेलला किंवा अमुक पद्धतीला चालते असे लिहिले होते आणि ते खोटे निघाले. तीन, मागितली एक आणि हाती पडली दुसरी.

पहिल्या परिस्थितीला आधार देणारा कायदा जुना आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १६ असे सांगते की ग्राहकाने विशिष्ट उपयोग विक्रेत्याला कळवला, त्याच्या कौशल्यावर किंवा निर्णयावर आपण विसंबून आहोत हे त्यातून दिसले, आणि तशा वस्तू विकणे हा त्या विक्रेत्याचा धंदाच असला, तर ती वस्तू त्या उपयोगाला योग्य असलीच पाहिजे ही अट विक्रीत न लिहिताही गृहीत असते. ह्याच कलमात एक अपवादही आहे : ग्राहकाने ठरावीक वस्तू तिच्या पेटंट किंवा व्यापारी नावाने मागितली, तर ही गृहीत अट लागू होत नाही. ह्याचा व्यवहारातील अर्थ फार मोलाचा आहे. ‘अमुक कंपनीची अमुक एसएसडी द्या’ असे म्हणणाऱ्याने निवड स्वतः केली असे विक्रेता म्हणू शकतो. ‘माझ्या ह्या लॅपटॉपला चालेल अशी एसएसडी द्या’ असे म्हणणाऱ्याने निवडीचा भार विक्रेत्यावर टाकलेला असतो. काउंटरवर उभे राहून उच्चारलेल्या ह्या एका वाक्यावर पुढचे सारे भांडण ठरू शकते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या परिस्थितीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुरेसा आहे. त्यातील कलम २(१०) मध्ये ‘दोष’ ह्या शब्दाची व्याख्या रुंद ठेवलेली आहे. गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा ह्यांतील जी उणीव कायद्याने किंवा कराराने असायला नको, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याशी जी विसंगत आहे, तीही दोषच. म्हणजे वस्तू सुरू होते आहे एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. आणि कलम २(४७) नुसार दोषपूर्ण वस्तू परत घेण्यास व पैसे परत देण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा म्हणून मोजलेली आहे.

आता फोडलेल्या पाकिटाविषयी. वस्तुविक्री कायद्याच्या कलम ४१ नुसार, ग्राहकाने आधी तपासलेली नसेल अशी वस्तू, ती तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने स्वीकारली असे मानले जात नाही. एसएसडी, रॅम, चार्जर, केबल ह्या वस्तू आपल्या यंत्राशी जुळतात की नाही हे पाकीट फोडून जोडून पाहिल्याखेरीज कळण्याचा मार्गच नसतो. पाकीट फोडणे हीच इथे तपासणी आहे. मात्र कलम ४२ दुसरी बाजू सांगते : वाजवी काळ उलटूनही नाकारत असल्याचे न कळवता वस्तू जवळ ठेवली, तर ती स्वीकारली असे धरले जाते. आणि एकदा स्वीकारली की कलम १३ प्रमाणे बहुतेक वेळा नुकसानभरपाई मागता येते, वस्तू नाकारता येत नाही. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाचे नुकसान ह्या दोन कलमांमध्ये होते.

खरेदीच्या आधी : विचारलेले लिहून ठेवावे

आपल्याकडे व्यवहार तोंडी होतात, ओळखीवर होतात, आणि त्यात काही वाईट नाही. परंतु वाद झाल्यावर तोंडी शब्द सिद्ध करणे कठीण जाते. त्यासाठी दुकानदाराशी भांडावे लागत नाही. दुकानात जाण्यापूर्वी किंवा तिथेच उभे राहून त्याच्या व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आणि एक फोटो पाठवावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार दादा, सोबत माझ्या लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो आहे. ह्याला चालेल अशी ५१२ जीबी एसएसडी हवी आहे. कोणती चालेल आणि किती रुपये, कृपया कळवा.’ त्यावर ‘ही चालते, या घेऊन जा’ असे उत्तर आले की कलम १६ ला लागणारा पुरावा आपल्या खिशात तयार झाला. दुकानदारालाही ह्याचा फायदाच होतो, कारण फोटो पाहून तो नीट तपासतो आणि चुकीची वस्तू देण्याची वेळच येत नाही.

बिल घेताना वस्तूच्या नावापुढे ‘अमुक मॉडेलसाठी’ असे दोन शब्द लिहून मागावेत. पुष्कळ दुकानदार आनंदाने लिहितात. पक्के बिलच मागावे. २०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या विक्रीत ग्राहकाने मागितले नाही तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला वेगळे जीएसटी बिल न देण्याची मुभा आहे, त्यावर नाही. कच्च्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे रुपये वाचवून घेतलेली चार हजारांची वस्तू परत करताना ते शंभर रुपये फार महाग पडतात. बिल पुतण्याच्या नावावर आणि वापरणारी व्यक्ती दुसरी असली तरी घाबरू नये : विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे.

कोणत्या वस्तूंत ही फसगत सर्वाधिक होते हे ठाऊक असले तर प्रश्न नेमका विचारता येतो. एसएसडीचे वर सांगितलेच. तिथे ‘खाच एनव्हीएमईची आहे की साटाची, आणि लांबी २२८० (८० मिलिमीटर) की २२४२ (४२ मिलिमीटर)’ हे विचारावे. रॅमच्या बाबतीत डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ ह्यांच्या पट्टीतील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. पण डीडीआर३ आणि कमी दाबावर चालणारी डीडीआर३एल ह्या दिसायला सारख्या आणि बसायलाही सारख्या असतात, १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट एवढाच फरक, आणि काही लॅपटॉप केवळ दुसरीच स्वीकारतात.

सर्वांत जास्त लोक सध्या फसतात ते टाइप-सी ते एचडीएमआय केबलमध्ये. मोबाइलचे चित्र टीव्हीवर दिसेल म्हणून ती घेतली जाते. टाइप-सी हे केवळ भोकाच्या आकाराचे नाव आहे. त्यातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय मोबाइलमध्ये असेल तरच केबल चालते, आणि स्वस्त व मध्यम किमतीच्या कितीतरी मोबाइलमध्ये ती सोय नसते. केबल निर्दोष, टीव्ही निर्दोष, मोबाइल निर्दोष, आणि पडदा मात्र काळा. इथे ‘टाइप-सी मोबाइलला चालते का’ असे विचारणे अपुरे आहे. ‘माझ्या ह्या मॉडेलवरून टीव्हीवर चित्र दिसेल का’ असेच विचारले पाहिजे. खोक्यावर ‘सर्व टाइप-सी मोबाइलसाठी’ असे छापलेले असेल तर त्याचा फोटो जपून ठेवावा, कारण तो दावाच पुढे आपल्या तक्रारीचा पाया होतो.

जलद चार्जिंगचेही असेच आहे. चार्जरवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण मोबाइल कंपनीची स्वतःची पद्धत वेगळी असेल तर त्याच चार्जरवर मोबाइल संथपणे भरतो. चार्जर, पॉवर बँक आणि अॅडॉप्टर ह्यांवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर ह्या अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी आहे की नाही ते कळते. क्रमांक नसलेली किंवा खोटा क्रमांक असलेली वस्तू हा जुळण्या-न जुळण्याचा प्रश्न राहत नाही, तो दर्जाचा आणि सुरक्षेचा प्रश्न होतो, आणि तिथे ग्राहकाची बाजू बरीच भक्कम असते.

प्रिंटरची शाई आणि टोनर ह्यांबाबत मात्र एकच सांगतो : खोक्यावरील क्रमांक प्रिंटरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिल्याशिवाय आतले सील काढू नये, कारण एकदा शाई वाहू लागली की ती वस्तू मूळ स्थितीत परत देताच येत नाही.

पाकीट उघडण्याचा दिवस

पाकीट फाडू नये, कात्रीने एका बाजूने नीट कापावे. आतील प्लास्टिक, वॉरंटी कार्ड, स्क्रू, सगळे एकत्र ठेवावे. अखंड व्हिडिओ काढण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, जरी अनेक विक्रेते ती असल्यासारखे बोलतात. तरीही काढलेला बरा, विशेषतः ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा, कारण खोक्यात चुकीची वस्तू निघाली तर तोच थेट पुरावा असतो. वस्तूवरील अनुक्रमांक आणि खोक्यावरील अनुक्रमांक दोन्ही एका चौकटीत येतील असा फोटो घ्यावा. वस्तूवर वॉरंटीचे स्टिकर असेल तर ते सोलू नये, आणि बसत नसेल तर जोर लावू नये. वाकलेली पिन ही आपली चूक ठरते आणि तिच्यापुढे बाकी सगळे मुद्दे फिके पडतात.

जुळत नाही असे दिसल्यावर पडद्यावर जो संदेश येतो, किंवा काहीच येत नाही, त्याचा फोटो घ्यावा. शक्य असेल तर आपल्या यंत्राच्या अधिकृत सेवा केंद्रात जाऊन ‘ह्या मॉडेलला ही वस्तू चालत नाही’ अशी एका ओळीची नोंद जॉब शीटवर करून घ्यावी. त्याला थोडे पैसे पडतील, पण पुढे आयोगाने प्रयोगशाळेतील तपासणी सांगितली तर तिचा खर्च आधी तक्रारदारालाच भरावा लागतो. जुळण्याचा वाद कागदावरील वैशिष्ट्यांवरून मिटला तर ती वेळ येत नाही. मोबाइल किंवा मेमरी कार्ड असेल तर परत देण्यापूर्वी आपली माहिती पुसून टाकावी आणि आपले खाते त्यातून काढून टाकावे.

नाकारत असल्याचे कळवणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वाधिक वगळली जाते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दुकानदाराला लेखी कळवावे. फोन करावाच, पण फोननंतर संदेशही पाठवावा. मी पाठवलेला संदेश साधारण असा होता :

‘नमस्कार. काल दिनांक अमुक रोजी आपल्याकडून बिल क्रमांक अमुक अन्वये एसएसडी घेतली. घेण्यापूर्वी लॅपटॉपचे मॉडेल दाखवून ती चालेल का असे विचारले होते व आपण चालेल असे सांगितले होते. जोडून पाहिल्यावर ती ह्या मॉडेलला चालत नसल्याचे दिसले; फोटो सोबत आहेत. त्यामुळे मी ही वस्तू स्वीकारत नाही. ती सर्व साहित्यासह सुस्थितीत माझ्याकडे ठेवली आहे, आपण सांगाल तेव्हा आणून देतो. कृपया चालणारी वस्तू द्यावी किंवा रक्कम परत करावी.’

ह्यातील ‘स्वीकारत नाही’ हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. वस्तुविक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नाकारलेली वस्तू विक्रेत्याकडे पोहोचवण्याचे बंधन ग्राहकावर नाही. नाकारत असल्याचे कळवणे पुरेसे आहे. तरीही आपण होऊन नेऊन द्यायला तयार आहोत असे लिहिल्याने आपला प्रामाणिकपणा कागदावर येतो. हा संदेश पाठवल्यानंतर वस्तू वापरू नये, दुसऱ्याला देऊ नये.

दुकानात गेल्यावर काही ठरावीक उत्तरे मिळतात. ‘बिलावर लिहिले आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे त्यातले पहिले. ते वाक्य छापल्याने दोषपूर्ण वस्तूविषयीचा कायद्याने दिलेला हक्क संपत नाही, आणि बहुतेक वेळा ते बिल पैसे दिल्यानंतर हातात पडलेले असते, म्हणजे ती अट आपण मान्य केली असे म्हणणेही अवघड. ‘जीएसटी भरला आहे, आता तो कुठून परत आणू’ हे दुसरे, आणि ह्या उत्तराने सुशिक्षित माणसेही गप्प बसतात. वास्तविक माल परत आला की व्यापारी क्रेडिट नोट, म्हणजे बिलातील रक्कम कमी झाल्याचा कागद, काढतो आणि आपल्या कराच्या हिशेबातून ती रक्कम कमी करून घेतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही सोय आहे आणि ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत वापरता येते, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या तारखेपर्यंत. तिसरे उत्तर ‘कंपनीला विचारा’. ज्याला पैसे दिले, ज्याने चालेल असे सांगितले, तो विक्रेता आहे. कंपनीने असे काही सांगितलेलेच नव्हते. हे शांतपणे आणि एकदाच सांगावे.

वस्तू हप्त्यावर घेतली असेल तर ती परत दिल्याने हप्ता आपोआप थांबत नाही. वित्त कंपनीला दुकानदाराने रद्दीकरण कळवले पाहिजे, आणि कर्ज बंद झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत खात्यात हप्त्याची रक्कम ठेवावी.

ऑनलाइन खरेदी

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ग्राहकाला दुकानातल्यापेक्षा थोडी जास्त स्पष्ट जागा दिली आहे. वस्तू दोषपूर्ण असेल, बनावट असेल, किंवा तिची वैशिष्ट्ये जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसतील, तर विक्रेता ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देऊ शकत नाही. त्यामुळे ‘ह्या वस्तूवर फक्त बदली मिळेल’ असे धोरण असले आणि वर्णनात आपल्या मॉडेलचे नाव लिहिलेले असले, तर धोरणापेक्षा नियम वरचढ आहे. कारण निवडताना ‘आता नको आहे’ हा पर्याय चुकूनही निवडू नये. ‘वर्णनाशी जुळत नाही’ हाच निवडावा, कारण पुढे तोच आपल्या नावावर राहतो. वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट मागणी नोंदवतानाच घ्यावा, वाद सुरू झाल्यावर ते पान बदललेले असू शकते. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याच्या आत निवारण करणे बंधनकारक आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

सीमेपलीकडची खरेदी

निपाणीचा माणूस कोल्हापूरला खरेदी करतो, कागवाड-अथणीचा मिरज-सांगलीला, आणि उलट चंदगडचा माणूस बेळगावला येतो. राज्याची सीमा बाजाराला कधीच अडवत नव्हती, पण तक्रारीला अडवत होती. १९८६ च्या जुन्या कायद्याप्रमाणे विरुद्ध पक्षाचा धंदा जिथे, किंवा व्यवहाराचे कारण जिथे घडले, तिथेच तक्रार करावी लागे. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या दोन हजारांच्या वस्तूसाठी प्रत्येक तारखेला कोल्हापूर. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने हे बदलले. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे स्वतः कामधंदा करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल होते. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर ह्या तालुक्यांतील ग्राहक महाराष्ट्रातील दुकानाविरुद्ध बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. चंदगडहून उद्यमबागेत रोज कामाला येणारा कामगार आपल्या सोयीने कोल्हापूर किंवा बेळगाव निवडू शकतो. आपल्या भागासाठी ह्या कायद्यातील मला सर्वांत उपकारक वाटणारी तरतूद हीच आहे, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते.

भाषा, हेल्पलाइन आणि आयोग

दुकानदार लेखी उत्तर देत नसेल तर आयोगाआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. ही सेवा १७ भाषांत आहे आणि त्यांत मराठीही आहे, कन्नडही. भाषा निवडण्याचा पर्याय येतो तेव्हा निःसंकोच मराठी निवडावी. ८८००००१९१५ ह्या व्हॉट्सअॅप क्रमांकावरही नोंद करता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे किंवा विक्रेत्याकडे पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या बाबतीत एवढ्यानेच पुष्कळदा काम होते. गल्लीतल्या लहान दुकानाच्या बाबतीत अपेक्षा थोडी कमी ठेवावी.

त्यानंतर मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोचल्याची नोंद मिळेल अशी पाठवावी. कायद्याने ती सक्तीची नाही, वकीलही लागत नाही. एका पानात तारखा, बिल क्रमांक, काय विचारले, काय उत्तर मिळाले, केव्हा नाकारले आणि १५ दिवसांत काय हवे, एवढेच असावे.

आयोगातील तक्रार ई-जागृती ह्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची असल्याने आपल्या वस्तू त्यात सहज बसतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहिणे बेळगावात सोयीचे पडते; मराठीतील व्हॉट्सअॅप संदेश मूळ स्वरूपातच जोडावेत आणि प्रत्येकाखाली त्याचे भाषांतर द्यावे. संदेशांच्या छापील प्रतींसोबत, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सांगितलेले प्रमाणपत्र जोडले तर त्यांच्या खरेपणाबद्दलचा आक्षेप आधीच थांबतो. भाषा येत नाही म्हणून तक्रारच न करणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. कन्नड जाणणारा शेजारी किंवा मित्र आपल्याकडे प्रत्येक गल्लीत सापडतो, त्याच्याकडून पान तपासून घ्यावे.

मागणी काय करावी ह्यावर नीट विचार करावा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली आयोग वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. चार हजारांच्या वस्तूसाठी दोन लाखांची भरपाई मागितली की तक्रारीचे वजन कमी होते. किंमत, सेवा केंद्राचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च आणि त्रासाबद्दल माफक रक्कम एवढे मागावे.

झेरॉक्सचे किंवा डीटीपीचे छोटे दुकान चालवणाऱ्यांना ‘तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगितले जाते. पोट भरण्यासाठी, स्वतःच्या श्रमाने चालणाऱ्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. तक्रारीत ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ असे शब्द न विसरता लिहावेत.

तक्रारीची नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवले तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो हे मनात धरूनच जावे. व्हिडिओ सुनावणीसाठी अर्ज करता येतो, रोज बेळगाव गाठणे शक्य नसलेल्या रामदुर्ग-सौंदत्तीकडच्या माणसाने तो जरूर करावा. आदेश विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील आहे. आदेश आपल्या बाजूने होऊनही दुकानदाराने पाळला नाही, तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगात करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आमच्या एसएसडीचे प्रकरण तिथवर गेले नाही. संदेश पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याने साटा पद्धतीची एसएसडी दिली, किमतीतला दोनशे रुपयांचा फरक परत केला, आणि बदललेल्या अनुक्रमांकाचे नवे बिल मागितल्यावर थोडी कुरकुर करून तेही दिले. ते नवे बिल घेणे आवश्यकच होते, कारण जुन्या बिलावरील अनुक्रमांक आता आमच्याजवळच्या वस्तूचा नव्हता, आणि उद्या तीच एसएसडी बंद पडली तर वॉरंटीसाठी सेवा केंद्र सर्वांत आधी तो अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहते.